एडिटर माझा, नाव सुनंदाचं

मित्रांनो, आज मला माझ्याच मैत्रिणीचा हेवा वाटला. तो अजून गेलेला नाही.

मी शहापूरची, सुनंदा मुरबाडची. दोघीही कथा लिहितो. बंद झालेल्या एका क्लासमधून आम्ही सारखेच जुने संगणक घेतले. या जुन्या सिस्टीमवर नवा एडिटर, म्हणजे लिहिण्याचं सॉफ्टवेअर, थेट बसत नाही. त्याचा कोड इंटरनेटवरून उतरवून आपल्या संगणकावर कंपाइल करावा लागतो, म्हणजे तिथेच तयार करून घ्यावा लागतो. सुनंदाला ते जमलं. मला रोज नवी चूक दिसायची. पण तिला विचारायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

आज कंपाइल पहिल्यांदाच शेवटाकडे आलं आणि लाइट गेली. शुक्रवारी इथे दुरुस्तीसाठी लाइट जाते. हट्टापायी मी वारच विसरले होते.

लाइट आल्यावर सुनंदा घरी आली. शेवटी तिला सांगितलं. तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

“माजा तयार हाय तोच चालंल. संगणक सारखेच नाय का?”

“मग आधी का नाही दिलास?”

“तू इचारलंस कवा गो? मला वाटलं, मोठ्या लेखिकेला नाय लागत कोणाचं काय.”

एडिटर लगेच चालू झाला. अक्षरं स्वच्छ दिसली. मग मी त्याचं माहितीचं पान उघडलं. तिथे कंपाइल करणाऱ्याचं नाव असतं. सुनंदाचं होतं.

ती गेल्यावर मी पुन्हा कंपाइल लावलं आहे. ते होईपर्यंत ही पोस्ट तिच्याच एडिटरमध्ये लिहिते आहे. तुम्ही ते नाव राहू दिलं असतं का?