झियाकाच्या दंडावरचं हरीण

अथेन्सच्या कुंभारवाड्यात झियाकाला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. उत्तरेकडच्या थ्रेस मुलखातून धरून आणलेली प्रत्येक गुलाम बाई इथे नुसती ‘थ्रेसवाली’. फिलाग्रोस कुंभाराने तिला विकत घेतलं तेव्हा ती पंधराची होती. नऊ वर्षं ती त्याची माती तुडवत होती आणि हात स्थिर म्हणून भांड्यांच्या काठावरची नक्षीही काढत होती. भांड्यांवर माणसं रंगवायचा मान मात्र तिथल्या मुख्य चिताऱ्याचा, मेनेक्लीसचा.

त्या उन्हाळ्यात एका बड्या घरातून मद्याच्या रांजणाची मागणी आली. चित्र हवं होतं दंतकथेतल्या गोड गळ्याच्या ऑर्फियसच्या मरणाचं. वीणा उगारून खाली पडलेला गवई आणि दगड, मुसळं घेऊन त्याच्यावर तुटून पडलेल्या थ्रेसच्या बायका. मेनेक्लीसने बायका काढल्या, त्यांच्या हातांवर गोंदण म्हणून कशाही रेघा ओढल्या आणि हाक मारली, “ए थ्रेसवाली, इकडे ये. जरा दात विचकून दाखव. रानटी तोंड जमत नाहीये मला.”

मातीने भरलेल्या पायांनी झियाका आली. चित्र बघून म्हणाली, “हे गोंदण आहे, की वरून कोंबडी चालून गेली?”

बाकीचे कारागीर फिसकन हसले. मेनेक्लीस चिडला. “गोंदतात गुलामांना. त्यात काय बघायचं?”

“तुमच्यात गुलामांना. आमच्यात घरंदाज बाईला.” तिने दंड पुढे केला. त्यावर हरीण होतं, खाली शिडी. “माझ्या आत्याने गोंदलंय. आणि तो गवई एवढा गोड गायचा, तर बायका त्याच्यावर उठल्या कशापायी, ते कुणी विचारलं का?”

“गोष्ट तशीच आहे.”

“गोष्ट तुमची आहे.”

तो जेवायला गेला, तशी तिने ओल्या फडक्याने त्या रेघा पुसल्या. प्रत्येक दंडावर हरीण आणि शिडी काढली. विचकलेली तोंडं मिटवली. सगळ्यांत पुढच्या बाईच्या डोक्याशी, नक्षी काढता काढता शिकलेल्या अक्षरांत, लिहिलं: झियाका. मेनेक्लीस परतला. त्याने ती हरणं आणि ते नाव बघितलं आणि स्वतःच रांजण भट्टीत ठेवला.

रांजण भाजून निघाल्यावर फिलाग्रोसची नजर त्या नावावर पडली. “हे नाव खरवड.”

“भाजून पक्कं झालंय. आता भांडंच फोडावं लागेल, मालक,” झियाका म्हणाली.

तिला फटके बसले. अख्खा हिवाळा ती गारठलेल्या मातीतच उभी होती. नक्षीचं कामसुद्धा काढून घेतलं. पण गिऱ्हाइकाकडच्या मेजवानीत ती हरणं पाहुण्यांच्या मनात भरली आणि वसंतात तशाच रांजणांची मागणी आली. मेनेक्लीसने सरळ सांगितलं, “मला ती हरणं येत नाहीत.”

फिलाग्रोस स्वतः मातीच्या खड्ड्यापाशी आला. “चल, हात धू.”

“नाव लिहीन.”

“लिही. पण बारीक.”

“वाचता येईल एवढं लिहीन.”

फिलाग्रोसने पाण्याचा घडा तिच्याकडे सरकवला. त्याने तिला पुढेही कधी मुक्त केलं नाही. पण तिच्या हातून आणखी सात रांजण झाले आणि त्यांवरच्या एकाही बाईने दात विचकले नाहीत.