केव्हाकाका आणि उपासाचा बटाटा

केव्हाकाका बाबांचे मित्र. त्यांना बसून वाचता येत नसे. पोथी हातात घेऊन ते बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या घरी हॉलमध्ये खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत आणि ऐकणाऱ्या बायकांच्या माना त्यांच्यामागे फिरत. नोकरीभर त्यांनी जुन्या हस्तलिखितांच्या याद्या केल्या होत्या. कोणी श्लोक म्हटला की ते विचारत, "हे केव्हाचं? कुठलं? कोणाला सांगितलंय?" पहिल्या प्रश्नावरून मुलांनी नाव पाडलं.

आईची फजिती त्यांची आवडती. लग्न होऊन ती बडोद्याला नवीन आली, तेव्हा शेजारच्या गुजराती बेननी विचारलं, "नवरा छो?" म्हणजे मोकळ्या आहात का? आई म्हणाली, "ऑफिसला गेलेत." काका हे दर महिन्याला सांगत आणि वर म्हणत, "एका भिंतीपलीकडे शब्दाचा अर्थ बदलला, वहिनी. हजार वर्षांपलीकडे काय झालं असेल?"

पुढे आईला मधुमेह झाला. डॉक्टरांनी साबुदाणा आणि बटाटा बंद करायला सांगितलं. एकादशीला मात्र ती दोन्ही खायची. उपासाला शास्त्रात चालतं म्हणे. माझं ती ऐकेना, म्हणून मी काकांना गाठलं. ते दुसऱ्याच दिवशी एकादशीची पोथी घेऊन आले आणि फेऱ्या मारत म्हणाले, "शास्त्रात बटाटा नाही, वहिनी. साबुदाणाही नाही. दोन्ही कालपरवा जहाजातून आले. तेव्हाचा उपास म्हणजे निव्वळ उपास." ते खूश झाले. मीही. आईने मान डोलावली.

पुढच्या एकादशीला तिने सकाळची गोळी घेतली आणि पाण्याशिवाय काही तोंडात घातलं नाही. दुपारी मोरीपाशी कोसळली. तोंडात साखर घालून मी तिला रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. वेळेवर निभावलं.

संध्याकाळी काका आले. आई पडल्या पडल्या म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत, खरा उपास तो." काका उठून बाहेर आले. पायरीवर उभं राहून ते मला म्हणाले, "केव्हाचं ते विचारलं मी. कोणाला, ते विचारायचं राहिलं." मला त्यांचा रागच आला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक उतारा कागदावर लिहून आणला आणि आईला वाचून दाखवला. त्याच पोथीत चार पानं पुढे लिहिलं होतं, की आजारी, म्हातारे आणि लेकरं यांनी खावं; औषधाने व्रत मोडत नाही.

"मग हे आधी का नाही दाखवलंत?" आईने विचारलं.

"बटाट्याचा आनंद झाला होता मला, वहिनी. पान उलटायचं राहिलं."

आईने एकादशीला ज्वारीची भाकरी खायला सुरुवात केली, पण स्वयंपाकघराचं दार लोटून. काकांना ते कळलं होतं. एकादशीला ते नेमके बाराला येत आणि तिचं जेवण होईपर्यंत हॉलमध्ये आल्यागेल्याला काहीतरी वाचून दाखवत अडवून धरत. सहा वर्षं त्यांनी हे केलं. त्याबद्दल ते दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

काका फाल्गुनात गेले. त्यानंतरच्या एकादशीला बारा वाजता शेजारच्या बेन सरळ स्वयंपाकघरात आल्या. अडवायला कोणी नव्हतं. मी आईकडे पाहिलं. तिने ताट झाकलं नाही. भाकरी मोडली आणि बेननी विचारायच्या आधीच म्हणाली, "मला चालते. काकांनी वाचून दाखवलंय."