पाण्यासारखा रस्सा

लग्नाला वर्ष होत नाही तोच आमच्या ह्यांना कावीळ झाली. बहात्तर साल होतं, काष्टीजवळच्या नदीत नुसते डोह उरले होते. तीन आठवड्यांत हा गडी असा वाळला की अंगातला सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. कावीळ उतरल्यावर श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आता अंग भरायला हवं. पण तेल-तूप बंद, मटणही नको. मरळ मासा द्या. मांस पांढरं, चरबी नावाला, पचायला हलका आणि ताकदीला भारी. तूप पोटात गेलं आणि कावीळ उलटली, तर मात्र अवघड आहे."

सासूबाई माळकरी. मासळीचं नाव निघताच त्यांनी तोंड फिरवलं, पण पोराकडं बघून म्हणाल्या, "लिंबाखाली तीन दगड मांड. माजं भांडं घिऊ नगंस."

मी जन्मात मासा शिजवला नव्हता. मीठ, लसूण घातलं, हळद जरा सढळ हातानंच पडली. सासूबाई लांबून डोकावल्या.

"तवंग कुटं हाय? नुसतं पानी! ह्यात कसली आलीय ताकद?"

ह्यांनी मात्र बोटं चाटूनपुसून खाल्लं.

सकाळी बघते तर ह्यांची नखं पिवळीधमक! मी ओरडले तशा सासूबाई धावत आल्या आणि मटकन खाली बसल्या.

"तुजी पाठ वळल्यावर म्या पळीभर तूप वतलं गं त्यात. म्याच घात केला."

त्यावर मी त्यांना काय काय बोलले, ते आज लिहवत नाही. मग एकाएकी त्यांनी कमरेची चंची सोडली, पानाचा चुना बोटावर घेतला आणि ह्यांच्या नखावर चोळला. नख लाल झालं.

"कुकवावानी झालं बघ! ही तुज्या रश्श्याची हळद हाय, पोरी. कावीळ न्हाई."

खरंच की! डाव्या हाताची नखं स्वच्छ होती, डोळेही पांढरे होते. पण घाबरल्यावर अक्कल कुठं जाग्यावर असते! आम्ही दोघी हसायला लागलो आणि हसता हसता रडायलाच लागलो.

"तुमचं झालं असंल तर मला भूक लागलीय," हे म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच आपणहून खायला मागितलं होतं.

सासूबाई उठल्या, तुळशीची माळ मानेमागं सारली आणि स्वतःच लिंबाखालची चूल फुंकायला बसल्या.

"कालच्यासारकाच कर," म्हणाल्या, "पान्यावानी."