हेल्थ बोर्ड आणि मावशींचा डबा

आमच्या हेल्थ बोर्डाचा एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो. मी दोन वर्षं त्या बोर्डावर होतो. ते नक्की चालवतं कोण, हे मला आजही सांगता येणार नाही.

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेजवळचं आमचं गाव एवढंसं. पण गाव केवढंही असो, हेल्थ बोर्ड हवंच. पाच जागा, त्यातल्या तीन रिकाम्या, कारण फुकटात कोण येणार? चेअरमन बार्बरा, पूर्वी स्कूलबस चालवायची. दुसरा मेंबर फ्रँक. त्याचं फ्युनरल होम, म्हणजे अंत्यविधीचा धंदा. डॉक्टर एकही नाही.

*

आमच्या कॉम्प्लेक्समधल्या सुधामावशी नागपूरच्या. ले-ऑफमध्ये त्यांच्या यजमानांची नोकरी गेली, तेव्हा मावशींनी घरून डबे सुरू केले. त्यावर त्यांचं घर चालायचं आणि माझं पोट. मग कुणीतरी तक्रार केली. घरच्या किचनमधून विकता येत नाही, फायरहाउसचं, म्हणजे अग्निशमन केंद्राचं, किचन वापरा, पण त्याला बोर्डाची परवानगी लागेल, असं उत्तर आलं. डबे बंद झाले. मावशींचं इंग्रजी बेताचं, म्हणून मीटिंगला मी सोबत गेलो.

कोरमला तीन माणसं लागत होती, होती दोन. बार्बराने मला विचारलं, "तू गावातच राहतोस ना?" मी हो म्हणालो. मेयर बाजूच्याच खोलीत होते. ग्रीन कार्डासाठी मी वर्षानुवर्षं रांगेत उभा होतो, इथे चहा गार व्हायच्या आत माझा शपथविधी झाला.

"झाला कोरम," बार्बरा म्हणाली. "या अर्जदाराशी कुणाचा काही संबंध?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, की मी यांचाच डबा खायचो, आणि अजूनही त्या मला घरचं म्हणून फुकट जेवायला घालतात.

"मग तुला मत देता येणार नाही. कोरम गेला."

"काहून रे, काय झालं?" मावशींनी विचारलं. मला तरी कुठे कळलं होतं!

*

माझ्या शपथविधीची बातमी आईने पुण्यात सांगितली ती अशी, की आमचा मुलगा अमेरिकेत आरोग्य खात्यात मोठ्या पदावर आहे. मग रविवारी नाशिकच्या काकांचा फोन. गुडघा बदलावा का? मी म्हटलं, काका, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते म्हणाले, "ते ठीक आहे रे, पण तुमच्या बोर्डाचं मत काय पडतं?"

*

आमचा हेल्थ ऑफिसर मात्र शिकलेला माणूस. पण तो सात-आठ गावांनी वाटून घेतलेला, रोज वेगळं गाव. एकदा त्याने नदीकाठच्या एका चायनीज रेस्टॉरंटबद्दल भरभरून रिपोर्ट दिला. आम्ही गंभीरपणे माना डोलावल्या. शेवटी फ्रँक हळूच म्हणाला, "आपल्या गावाला नदी नाहीये."

ऑफिसरने फाइल मिटली आणि विचारलं, "आज कुठला वार आहे?"

*

त्यानंतर बार्बराचं हिपचं ऑपरेशन झालं. मावशींनी महिनाभर तिला वरण-भात आणि मऊसूत पोळ्या पोचवल्या. परवानगीच्या कामासाठी नव्हे. बाई एकटी आहे, एवढंच त्यांना कळलं होतं. इकडे मावशींच्या यजमानांच्या नोकरीचं काही जमत नव्हतं आणि मावशी घर सोडून भारतात परतायचं बोलू लागल्या होत्या. मला फार वाईट वाटायचं.

*

पुढच्या मीटिंगला पुन्हा तोच अर्ज. मावशी पिशवी घेऊन समोर बसलेल्या. कुणाचा संबंध, असं विचारून बार्बराने स्वतःच हात वर केला. मीही केला. उरला फ्रँक. तो आयुष्यभर हॅम सँडविच सोडून काही न खाल्लेला माणूस. एकट्याने कसा निर्णय घेणार?

यावेळी टाउनशिपचे, म्हणजे आमच्या गावाचे, वकील आले होते. त्यांनी चष्मा काढला. "संबंध असेल त्याने मत द्यायचं नाही. पण सगळ्यांचाच असेल, तर निर्णय घ्यायला कुणी उरत नाही. अशा वेळी सगळ्यांनीच मत द्यायचं असतं."

"म्हणजे मी आणि हा देऊ शकतो?" बार्बराने विचारलं.

"नाही. फ्रँकने यांचं काही खाल्लेलं नाही ना."

सगळे फ्रँककडे बघायला लागले.

मी मावशींना मराठीत समजावून सांगितलं. एवढ्या दिवसांत बोर्डाची ही पहिली गोष्ट, जी त्यांना एका दमात कळली. त्यांनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि फ्रँकच्या पुढ्यात सरकवला.

"विचार ना रे त्याला," त्या म्हणाल्या, "तिखट चालतं का?"