कडब्याखालची नाव

समुद्रावर आमच्या थोरल्या मामांइतका हक्क सांगणारा माणूस आमच्या लातूरजवळच्या मुरुडात तर सोडाच, कोकणातही सापडला नसता. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला. तूरडाळीचा ट्रक घेऊन रत्नागिरीकडे गेले, तर आदल्या दिवशीच्या वादळाने होड्या उचलून माडांत नेऊन टाकलेल्या. एक म्हातारा कोळी आपली फुटकी नाव सरपणासाठी फोडायला बसला होता. मामांना ते बघवलं नाही. रिकाम्या ट्रकात नाव घालूनच परतले. "लेकीवानी जपल्याली, अन् चुलीत घालाय लागला होता," एवढंच त्यांनी मामीला सांगितलं. मामी काय बोलणार? वडील गेल्यावर आम्हा भावंडांनाही त्यांनी असंच उचलून आणलं होतं.

नाव दुरुस्त करणाऱ्या सुताराने जन्मभर बैलगाड्याच केलेल्या. समोरून पाहिलं की आता बैल जुंपतील असं वाटे. मामा तिला करडईचं तेल पाजत. "माझ्या केसाला थेंब न्हाई, अन् सवतीला डबा!" मामी करवादे. नारळी पौर्णिमेला मामा बादलीत नारळ सोडत आणि संध्याकाळी मामी त्याची चटणी वाटी. लातूर जिल्हा झाला तेव्हा पारावर कुणीतरी विचारलं, "मालक, समुद्र कधी यायलाय?" मामा शांतपणे म्हणाले, "जिल्हा आला न्हाई का? त्योबी यील."

मी मात्र लाजायचो. ताईला बघायला पाहुणे येणार म्हणून मी नावेवर कडबा रचला. तरी एकाने विचारलंच, "खाली काय हाय?" मी म्हणालो, "गुरांना पाणी पाजायची डोण." मामा शेजारीच होते. पानाला चुना लावत राहिले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

लग्न ठरलं आणि दुष्काळ पडला. पाण्याची सोय नसेल तर लग्न पुढच्या सालावर टाकू, असा वरपक्षाचा निरोप आला. मामांनी खटपट करून टँकर मिळवला. लग्नाच्या सकाळी तो दारात उभा राहिला, आणि पाहतो तर हौदाला ही भेग! ड्रायव्हर ओरडला, "कशात वतू? मला अजून दोन गावं हायती!" मामांनी कडबा सारला, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि म्हणाले, "वत ह्या डोणीत!"

थेंब गळला नाही. वऱ्हाडाच्या चहाला करडईचा वास आला खरा, पण ताई त्याच मांडवातून सासरी गेली. तिला वाटेला लावून आलो तर मामा नावेच्या फळीला कान लावून बसलेले. "ऐक," म्हणाले, "लाट वाजती." मीही फळीला कान लावला.

आता मामा नाहीत. तेल मी घालतो, आणि कडबा दुसरीकडे रचतो. कुणी पाहुणा विचारतो, "हे काय हो?" मी सांगतो, "नाव. आमच्या मामांची."