बसून खाल्लेला दोसा

जो माणूस तुम्हाला रोज 'बसा' म्हणतो, त्याला तुम्ही कधी बसलेलं पाहिलंय का?

कमलनगरच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आमचे मामा वेटर होते. खांद्यावर फडकं, मनगटापासून कोपरापर्यंत ताटल्या, आणि तोंडात एकच पालुपद: "बसा अण्णा, बसा अक्का, दोसा गरम हाय, बेस हाय." गिऱ्हाईक दारात असतानाच त्याची भाषा ओळखून हेच ते कानडीत किंवा दखनीतही म्हणायचे.

तो दोसा मामांनी स्वतः कधी चाखलाही नव्हता. वेटरनं गिऱ्हाईकाच्या खुर्चीवर बसायचं नाही, हा मालक अप्पांचा नियम. गर्दी ओसरली की मामा भटारखान्यात उभ्यानंच गारढोण काहीतरी पोटात ढकलायचे. या अन्यायावर मी एक जळजळीत पत्रक काढलं. अप्पांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, "भाषा झकास हाय तुझी," म्हणाले आणि त्यातच मला मिरचीभजी बांधून दिली.

मग मामांचा कामाचा शेवटचा दिवस आला. उद्या ते लेकीकडे मेहकरला निघणार, कायमचे.

"अप्पा, आज तरी मामांना बसून गरम दोसा खाऊ द्या," मी म्हणालो.

"वेटर खुर्चीवर बसला तर गिऱ्हाईक कुठं बसंल?"

मी उभा राहिलो. माझ्या शेजारचा जीपवाला उभा राहिला. पलीकडची एक अक्का नवऱ्याला कोपरानं ढोसत उठली. बघता बघता सगळं हॉटेल उभं.

"आता समद्याच रिकाम्या हायत, अप्पा," जीपवाला म्हणाला. "कंचीबी द्या."

अप्पांची मिशी हलली. "बस रे बाबा. पर लौकर."

मामा खुर्चीच्या कडेला टेकले. वाफाळता दोसा आला. त्यांनी घास मोडला आणि तेवढ्यात उदगीरची बस लागली. दारातून हाक आली, "एक चहा."

मामा ताडकन उठले.

"बसा," सगळं हॉटेल ओरडलं. दारातला प्रवासी घाबरून पायरीवरच बसला. जीपवाल्यानं मामांचं फडकं आपल्या खांद्यावर टाकलं, चहा आणायला गेला आणि अर्धा वाटेतच सांडला.

मामांनी डोळे मिटून सावकाश घास चावला. आम्ही सगळे अजून उभेच.

"अप्पा, मीठ कमी हाय की," ते म्हणाले. "आन् मी इतकी वर्सं लोकांला बेस हाय, बेस हाय म्हणायलोय. कुणी कामून सांगितलं न्हाई?"

अप्पांनी गल्ल्यावर डोकं टेकलं आणि खांदे गदगदवत हसले. मामांनी मात्र चटणीची वाटीसुद्धा बोटानं पुसून घेतली.

मामा मेहकरला गेले. भटारखान्याच्या दाराशी आता वेटरसाठी एक स्टूल आहे. त्याचा माझ्या पत्रकाशी काही संबंध नाही, असं अप्पा न विचारताच सांगतात.

तुम्ही कमलनगरला उतरलात तर दोन कामं करा. दोशात मीठ कमी लागलं तर अप्पांच्या तोंडावर सांगा. आणि त्या स्टुलावर कुणी खात बसलेलं दिसलं, तर त्याचा शेवटचा घास संपेपर्यंत चहाची हाक गिळून टाका.