नव्या घरचा कलश

संप संपला असं आमच्या चाळीत कोणी कधी म्हटलं नाही. मिल बंद राहिली, गावी गेलेल्यांपैकी बरेच परतलेच नाहीत, एवढंच. आई संपाआधी खाणावळ चालवायची. जेवायला येणारे कामगार गेले तेव्हा तिने डबे सुरू केले, परळच्या हॉस्पिटलांत पेशंटबरोबर आलेल्या माणसांसाठी. कुठून कुठून आलेली ही माणसं फुटपाथवर पथारी टाकून राहायची. त्यांना मऊ भात, बिनतिखट वरण आणि पोळ्या लागत. लालबागहून परळला चालत जाता येतं, म्हणून डबा गरम पोचायचा. आमचं घर त्या डब्यांवर चालत होतं. बाबा घरी होते. मिलमध्ये साच्यांसमोर, म्हणजे मागांसमोर, उभं राहून गेलेले गुडघे घरी बसून परत येत नाहीत.

चाळ मिलच्या जागेवर होती. जागा विकायची ठरली आणि बिल्डरचा माणूस येऊ लागला. तोंडाने गोड होता. आईला मावशी म्हणायचा, मला ताई. त्याचं म्हणणं असं की खोल्या सोडा आणि विरारच्याही पुढे नवीन वसाहत होते आहे तिथे फ्लॅट घ्या. दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आत. बाबांच्या गुडघ्यांसाठी तळमजला नक्की. "तिकडेच आता विकास आहे, काका," तो म्हणायचा.

बाबा आधीच तयार झाले होते. आमचे संडास गॅलरीच्या टोकाला. भिंतीला धरत, मध्ये दोनदा थांबत ते तिथे जायचे आणि बहुतेक वेळा दार बंद असायचं. "मरायच्या आधी एकदा तरी स्वतःच्या घरात बसू दे मला," ते आईला म्हणत.

"बसा. आणि जेवाल काय? तिकडून डबा परळला पोचवायचा म्हणजे वरणाचं दही होईल."

भांडण रोज इथवर यायचं आणि इथेच थांबायचं. दोघांचंही खरं होतं. मला बाथरूम हवं होतं, हेही सांगून ठेवते. बादली घेऊन रांगेत उभं राहण्यात कसलीही संस्कृती नसते. ज्यांना चाळीचे उमाळे येतात त्यांनी तिथे एक उन्हाळा काढावा.

एका रविवारी बिल्डरने सगळ्या चाळीला फ्लॅट दाखवायला बस पाठवली. नुसतं दाखवणं नाही, कलशपूजनही ठेवलं होतं. पूजा झाली की माणूस निम्मा त्या घरचा होतो, हा त्याचा हिशेब. तो बरोबरही होता. चुकलं दुसऱ्याच ठिकाणी. त्याने अख्ख्या बिल्डिंगसाठी एक कलश मांडला होता, हार घातलेला, आणलेल्या पाण्याने भरलेला. आमच्या बायका बसमधून उतरल्या त्या प्रत्येकी आपापला तांब्या घेऊन. तांब्यात आंब्याची पानं, पिशवीत नारळ, आणि तांबे रिकामे. कारण आमच्यात नव्या खोलीत शिरायचं ते भरल्या कलशाने, आणि पाणी त्याच घरच्या नळाचं. घरातली लग्नाची मुलगी आत जाऊन भरून आणते, उंबऱ्याबाहेर आईच्या हातात देते, मग सगळे उजवा पाय आत टाकतात.

"मावशी, एकच पुरे ना सगळ्यांचा?" तो माणूस म्हणाला.

आमच्या शेजारच्या काकू मालवणच्या. त्यांनी त्याला खालून वर पाहिलं. "तुमच्यात चालत असात. आमच्यात जेचा घर तेचो कलश."

नंतर लोक सांगत फिरले की बायकांनी ठरवून डाव टाकला. कसला डाव? रीत होती, ती केली.

डांबरी रस्ता मागेच संपला होता. खडीवरून बस आली तेव्हा दोन्ही बाजूंना खाजणाची खारी दलदल आणि तारा नसलेले विजेचे खांब. बिल्डिंग मात्र नवीकोरी, चार मजली, गुलाबी. बाबा आमच्या फ्लॅटच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि आत डोकावून संडासाचं दार बघत राहिले. मी तांब्या घेऊन स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला तर पाणी तांबडं आलं. असं पाणी कलशात कोणी घेत नाही, स्वच्छ येईपर्यंत वाहू देतात. मी वाहू दिलं. वरच्या सगळ्या मजल्यांवर, प्रत्येक घरात, प्रत्येक मुलीने तेच केलं.

स्वच्छ धार आली, मी तांब्या खाली धरला. निम्मा भरला नाही तोच नळ खोकला, थुंकला आणि बंद पडला.

वरून काकूंचा आवाज आला. "गो बाय, तुझ्याकडे इला काय? हय तर थेंब नाय! मेल्या, पाणी खंय तुझा?"

"टाकी जरा लहान आहे, टँकर मागवतो," तो माणूस खालून ओरडला.

मी अर्धा तांब्या घेऊन उंबऱ्याशी आले. आई बाहेर उभी होती. बाबा म्हणाले, "अर्धा तर अर्धा. घे हातात आणि चल आत."

आईने हात पुढे केला नाही.

"चल म्हणतो ना!"

तेवढ्यात शेजारच्या बिल्डिंगमधून एक बाई कळशी घेऊन आली. परळचीच, आमच्याआधी तिकडे गेलेली. तिने गटाराकडे धावणारं तांबडं पाणी बघितलं आणि कळशी आपटली. "संपवलंत? आमचा टँकर कालपासून आला नाही, तो इथे ओतला होता होय! बघायला येणाऱ्यांसाठी पाणी, आणि राहणाऱ्यांनी काय प्यायचं?"

मग आईने माझ्या हातून तांब्या घेतला, पानं काढली आणि पाणी त्या बाईच्या कळशीत ओतलं. ज्यांच्याकडे घोटभर होतं त्या सगळ्या जिना उतरून आल्या आणि ओतून गेल्या. नंतर आई त्या माणसाकडे वळली.

"पाण्याची लाइन कुठे आहे?"

त्याने रस्त्याकडे बोट दाखवलं. पाइप पडले होते खरे. त्यांच्या तोंडातून गवत बाहेर आलं होतं.

"दवाखाना?" हे बाबांनी विचारलं.

"प्रस्तावित आहे, काका. शाळापण. विकास म्हटला की सुरुवातीला थोडा त्रास होणारच."

"त्रास आम्ही काढायचा आणि विकास मागून येणार," आई म्हणाली. "तो आधी येऊ दे. आम्ही मागून येतो."

बाबा खुर्चीतून उठले. मी हात दिला, तो झिडकारला आणि ते एकटेच खडीवरून बसकडे चालू लागले. परतताना बस डांबरी रस्त्याला लागेपर्यंत ते गुडघे चोळत होते. मग म्हणाले, "पाणी नसलेल्या संडासापेक्षा लांबचा बरा." आईच्या 'नाही'ला एवढीच त्यांची संमती. चाळीचं उत्तर काकूंनी बस सुटायच्या आतच कळवलं होतं, त्या माणसाला, मालवणीत. ते लिहिण्यासारखं नाही.

आम्ही नाही म्हटलं आणि त्याची किंमत मोजली. मिलमालकाने चाळीची दुरुस्ती थांबवली. जिन्यावरचे दिवे काढून नेले. गॅलरीला लाकडी टेकू लागले आणि आम्ही त्यांच्यावर दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले. चार खोल्यांनी धीर सोडला, त्या तिकडे गेल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही. बाबा ह्याच चाळीत वारले आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत गॅलरीच्या टोकाला शिव्या घालत जात होते. ते आठवलं की मला आजही राग येतो, पण आईचा नाही, आणि तिच्या 'नाही'चाही नाही. तिचे डबे एक दिवस चुकले नाहीत. माणसांना फक्त दोनच रस्ते ठेवायचे, आहे त्या नरकात राहा नाहीतर नळ नसलेल्या ठिकाणी जा, आणि याला योजना म्हणायचं! तिसरा रस्ता मागितला की आम्ही आडमुठे.

कळशीवाली बाई पुढच्या महिन्यात लालबागला शोधत आली. तिकडच्या बायका पाण्याच्या लाइनीसाठी पालघर रस्त्यावर बसणार होत्या आणि त्यांची संख्या कमी पडत होती. "तुम्ही तर येणार नाही म्हणालात राहायला," ती दारातच अवघडून म्हणाली. "पण तुमचा आवाज मोठा आहे."

"राहायला नाही," आई म्हणाली, "बसायला येऊ की." तिने त्या दिवशीचे डबे पहाटेच उरकले, काकूंनी चाळीत हाक फिरवली आणि आम्ही रिकामे हंडे घेऊन निघालो. रस्त्यावर पहिल्या ओळीत आमच्याच बायका होत्या. पोलिसाने विचारलं, "तुम्ही कुठल्या? इथल्या दिसत नाही."

"नळ इथला ना?" आई म्हणाली. "मग झालं."